कवडीचे मोल



'आम्हांला कवडीमोलाने राबवता' असे कारखान्याच्या फाटकावर आम्ही तीस वर्षे ओरडत आलो. ही कवडी कोण, हे विचारण्याची बुद्धी मात्र उशिरा झाली. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर.

कवडी हे समुद्रातल्या एका चिमुकल्या गोगलगाईचे कवच. उथळ, उबदार पाण्यात, प्रवाळाच्या खडकांत ती राहते. दिवसा दगडाआड दडते, रात्री शेवाळ खाते. आपल्या मऊ अंगाची झूल ती कवचावर पांघरते, म्हणून ते गुळगुळीत राहते. भवानीच्या भुत्याच्या गळ्यातली माळ पाहा. ती चकाकी कुणा कारागिराची नव्हे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० साली, हिशेब पक्का आहे : २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला १२८० कवड्या. त्या काळी कवडी हा पैसाच होता, आणि गरिबाचा पैसा होता.

ती मुख्यतः यायची मालदीव बेटांतून. इब्न बतूता तिथे १३४३ साली गेला. लोक हे जीव समुद्रातून वेचीत, खड्ड्यांत टाकीत; मांस कुजून गेले की पांढरे कवच उरे. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन ते नेत. सोन्याच्या दिनाराला ४ लाख कवड्या, कधी तर १२ लाख! वेचणाऱ्याचे कष्ट तेच, भाव एकतृतीयांश. हा अनुभव आम्हांला नवा नाही.

पुढे अठराव्या शतकात डच व इंग्रज कंपन्यांनी हीच कवडी ॲमस्टरडॅमला, लंडनला नेली. तिथून ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली, आणि तिच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली गेली. हे वाचले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून बसलो.

१७७८ साली सिल्हेटला रॉबर्ट लिंडसे कलेक्टर झाला. तिथला अडीच लाख रुपयांचा सारा कवड्यांत येई, रुपयाला ५१२० या दराने. करा गुणाकार : १२८ कोटी कवड्या, होड्यांत भरून डाक्क्याला!

ओरिसात मात्र उलटे झाले. १८०३ साली कंपनीचा अंमल बसला आणि सारा चांदीच्या रुपयांत मागू लागले. कवडी घसरली. मीठही महागले. घरात कवड्यांची रास, पण सरकारला ती चालेना; जमिनी लिलावात गेल्या. १८१७ साली खुर्द्याचे पाइक बक्षी जगबंधूच्या मागे उठले, त्यांच्या गाऱ्हाण्यांत हेही एक होते.