उदयपूरचे भाषण आणि प्रसारमाध्यमे

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



प्रत्यक्ष झालेले भाषण आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाचावयास मिळणारे भाषण या पुष्कळदा दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. २००७ साली महाराष्ट्राच्या एका कन्येच्या बाबतीत याचे ठळक प्रत्यंतर आले. त्या प्रसंगाकडे आज पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल. कारण त्यातून प्रसारमाध्यमांची परीक्षा होते, तशीच वाचकांचीही होते.

१४ जून २००७ रोजी संयुक्त पुरोगामी आघाडी आणि डावे पक्ष यांच्या वतीने राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव हे त्यांचे जन्मगाव. त्या वेळी त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. तीनच दिवसांनी, १७ जूनला, उदयपूर येथे महाराणा प्रताप यांच्या जयंतीच्या समारंभात त्यांचे भाषण झाले. स्त्रियांविषयीच्या त्यांच्या विवेचनाचा सारांश असा: भारतीय संस्कृतीत स्त्रीला नेहमीच आदराचे स्थान होते, मोगल आक्रमकांपासून तिचे रक्षण व्हावे म्हणून पडद्याची चाल सुरू झाली, आता देश स्वतंत्र आहे, काळ बदलला आहे, स्त्रिया प्रत्येक क्षेत्रात पुढे येत आहेत, तेव्हा ही चाल सोडून द्यावी.

या विवेचनात तीन पायऱ्या होत्या. पहिली परंपरेच्या गौरवाची, दुसरी इतिहासाची आणि तिसरी आवाहनाची. वक्त्याला श्रोत्यांकडून जे हवे होते, ते तिसऱ्या पायरीवर होते. प्रसारमाध्यमांनी मात्र दुसरी तेवढी उचलली. 'मोगल' हा शब्द मथळ्यात आला आणि वादाला तोंड फुटले. इतिहासकारांनी विधानाला आक्षेप घेतला, काही मुस्लिम संघटनांनी नाराजी व्यक्त केली. निवडणुकीचे दिवस होते. समोर राजस्थानचेच भैरोंसिंह शेखावत उभे राहणार होते. अशा वातावरणात प्रत्येक शब्दाला राजकीय अर्थ चिकटणे अपरिहार्य होते. या धुरळ्यात घुंघट सोडण्याचे आवाहन पार मागे पडले.

आक्षेपांमध्ये तथ्य नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. बाबराचा पानिपतचा विजय १५२६ मधील आहे. त्यापूर्वी सुमारे तीन शतके दिल्लीत सुलतानांची राजवट होती. त्याही आधी, कालिदासाची शकुंतला दुष्यंताच्या राजसभेत येते ती अवगुंठन घेऊनच. म्हणजे चेहरा झाकण्याची रीत मोगलांहून पुष्कळ जुनी आहे. असुरक्षिततेच्या काळात अशा रीती अधिक कडक होतात, हेही तितकेच खरे. परंतु 'कडक झाली' आणि 'सुरू झाली' यांत अंतर आहे. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्याने हे अंतर राखले पाहिजे. अन्यथा सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी एका सैल विधानाने त्याचे सारे म्हणणे वाया जाते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. त्या वाक्याने जे दुखावले, त्यांनी पुढचे वाक्य ऐकले नाही. आणि त्या वाक्याने जे सुखावले, त्यांनीही ते ऐकले नाही! आक्रमकांचा उल्लेख ज्यांना पटला, त्यांच्यापैकी कितीजणांनी त्या संध्याकाळी घरातल्या सुनेला पदर मागे घेण्यास सांगितले असेल? दोष एकट्या वृत्तवाहिन्यांचा नव्हता. सोयीचे अर्धे ऐकण्याची सवय दोन्ही बाजूंना होती.

असे प्रसंग नवे नाहीत. अमेरिकेत १९६४ साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारताना बॅरी गोल्डवॉटर यांनी, स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी आत्यंतिक भूमिका घेणे हा दुर्गुण नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या एका वाक्याखाली उरलेले भाषण गाडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा दारुण पराभव झाला. महाराष्ट्रात १९३८ च्या मुंबईच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी केलेल्या भाषणाचेही असेच झाले. लेखण्या मोडून बंदुका हाती घेण्याचे आवाहन तेवढे सर्वतोमुखी झाले. मूळ भाषण वाचलेला माणूस विरळाच भेटतो.

प्रतिभाताईंच्या आवाहनाला इतिहासाचा आधार हवाच होता, तर तो करवीरनगरीत मिळाला असता. १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा महाराणी ताराबाई अवघ्या पंचविशीच्या होत्या. औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसला होता. आक्रमणाच्या त्या ऐन काळात एका तरुण विधवेने सात वर्षे स्वराज्याचा लढा चालविला. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा याची रोज आठवण देतो. संकटकाळी स्त्रीला आड ठेवणे हा एकच मार्ग नव्हता. तिच्या हाती सूत्रे सोपविणे हाही या मातीतलाच मार्ग होता.

पुढे याच राजघराण्यात गोषा पाळला जात असे. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी यांचे अकाली निधन झाले. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अल्पवयीन विधवा सून इंदुमतीदेवी यांना चार भिंतींत कोंडून न ठेवता सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. गोषा कोणी आणला, या वादाचा निकाल लागण्याची वाट महाराजांनी पाहिली नाही.

२५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. उदयपूरचा वाद विरला. प्रश्न मात्र उरला. २०१९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, राजस्थानचे तत्कालीन मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांना घुंघट हटविण्याचे तेच आवाहन पुन्हा करावे लागले.

म्हणून श्रोतेहो, यापुढे एखाद्या भाषणावरून गदारोळ उठेल, तेव्हा मथळ्यावर मत बनवू नका. मूळ भाषण मिळवून वाचा. वक्त्याने विधान कशाविषयी केले आणि मागणी कशाची केली, हे वेगळे करून पाहा. विधान चुकीचे असेल तर ते आपल्या बाजूचे असले तरी दुरुस्त करा. आणि मागणी रास्त असेल तर ती विरोधकाने केलेली असली तरी तिची सुरुवात आपल्या घरापासून करा.