प्रश्न कुणी ठरवायचा?



शाश्वत विकासाच्या संशोधनात लोकांचा सहभाग, हा आजचा विषय. तो ऐकला की डोळ्यांसमोर येते ती प्रश्नावली घेऊन गावात उतरलेली तरुण मंडळी, ओट्यावर बसलेल्या बाया आणि खुणा करायचे रकाने. पुढे अहवाल तयार होतो, राजधानीत त्याचं प्रकाशन होतं, आणि ज्या गावावर तो लिहिला त्या गावाला त्याचा पत्ताही नसतो. याला सहभाग म्हणायला माझी तयारी नाही. अभ्यासाचा प्रश्न ठरतो तेव्हा आणि निष्कर्षावर निर्णय होतो तेव्हा, अशा दोन्ही वेळी गाव हजर हवं, असं माझं म्हणणं आहे. मधली मोजमापं कुणी केली, याला मी त्यामानानं कमी महत्त्व देतो.

उदाहरण घेऊ. काळ १९७५ च्या सुमाराचा, जिल्हा कर्नाटकातला उत्तर कन्नड. दांडेलीच्या कागद कारखान्याला सरकारनं या जिल्ह्यातला बांबू दीड रुपया टन दरानं देऊ केला होता. त्या वेळी बाजारभाव दीड हजारांच्या घरात होता, असं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे. बांबू झपाट्यानं संपत चालला, तेव्हा टोपल्या विणून पोट भरणाऱ्या मेदार लोकांनी सरकारदरबारी गाऱ्हाणं घातलं. त्यातूनच गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे बांबूचा अभ्यास आला. म्हणजे प्रश्न विद्यापीठातून निघाला नव्हता. तो टोपल्या विणणाऱ्यांनी उभा केला होता.

आता बारकावा पाहा. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. वनखात्याच्या शास्त्राप्रमाणे ते साफ करायचं, म्हणजे गर्दी कमी होते आणि नवे बांबू सरळ, जोमानं वाढतात. गावकरी म्हणत होते, साहेब, हे काटे काढता म्हणूनच बांबू मरतोय. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोंब कोवळा असतो, गोडसर असतो. काट्यांचं कुंपण गेलं की गुरं आणि रानातली जनावरं तो खाऊन टाकतात. मग बेटात नवा बांबू उरतच नाही, आणि जुना तोडून नेला की बेट संपतं. गाडगीळांनी ते म्हणणं कानाआड केलं नाही. बेटं निवडून वर्षानुवर्षं मोजणी केली, आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. वनखात्याचे जाणते अधिकारी याच जंगलात आयुष्यभर फिरले होते. गुराख्याला विचारावं, असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

या अभ्यासाचा मला आणखी एक अर्थ लागतो. आजकाल सर्व संबंधितांना एका टेबलाशी बसवा, असं सांगितलं जातं. कारखाना, वनखातं, मेदार, गुरं राखणारे, सगळे सारखे संबंधित! हे मला मान्य नाही. जवळचा बांबू संपल्यावर कारखान्यानं दूरच्या राज्यांतून माल आणला. मेदारानं कुठं जायचं? ज्याला दुसरी वाट नाही, त्याचा शब्द टेबलावर जड असला पाहिजे. तो जड ठरेल अशी सोय केली नाही, तर इंग्रजी बोलणाऱ्याचं आणि गाडीतून येणाऱ्याचंच म्हणणं इतिवृत्तात उतरतं.

अशी सोय एका गावानं करून दाखवली. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखा-मेंढा म्हणून आपण ऐकलेलं. लहानसं गोंड गाव. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध १९८० च्या दशकात जे आंदोलन झालं, त्यातून गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे साथी घडले. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तिथं पोचले, तेव्हा गावातला निर्णय कसा होतो हे समजून घेण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे गावात अभ्यासगट सुरू झाला. त्यात गावकरी बसतात, बाहेरचा जाणकारही येऊन बसतो. वाद होतो, माहिती गोळा होते. पण अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीनं. बायका-पुरुष दोघंही असतात. तज्ज्ञानं सांगावं आणि गावानं मान डोलवावी, ही वाट इथं बंदच आहे. तज्ज्ञाला इथं पटवून द्यावं लागतं, आणि पटवून देता देता त्याला पुष्कळ शिकावंही लागतं.

आग्या मोहोळाचं उदाहरण घ्या. पूर्वी मध काढायचा म्हणजे पेटती मशाल लावायची, माश्या जाळायच्या. अभ्यास झाला, चर्चा झाली आणि गावानं पद्धत बदलली. आता अंगभर पोशाख घालून मधाचा भाग तेवढा कापतात. पिलांचा भाग राहतो, माश्या राहतात. असा बदल शासकीय पत्रकानं झाला नसता. ज्यांना मोहोळाखाली उभं राहायचं होतं, त्यांनीच तो ठरवला होता.

अभ्यासाचा असा सराव असलेलं गाव कायदाही वापरू शकतं. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. पण स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता, आणि तो देणं वनखात्याच्या हातात होतं. त्यासाठी गाव झगडलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

मेंढ्यासारखी गावं थोडी आहेत, हे मला माहीत आहे. गाव म्हणजे एकजीव माणसांचा मेळ, असाही माझा भाबडा समज नाही. भूमिहीन, बायका, भटके पशुपालक यांचा आवाज गावच्या सभेतही दबतो. म्हणून तर संशोधकानं सभेनंतर वस्तीवर, पाणवठ्यावर जायचं असतं. त्याला वेळ लागतो. अनुदान देणाऱ्यांनी तो वेळ दिला पाहिजे, आणि अहवाल मराठीत, जिथं गरज असेल तिथं गोंडीत, वाचून दाखवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

आता तुम्हाला एक काम सांगतो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, महापालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकांसह तयार केलेली लोक जैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा देशभर या नोंदवह्या घाईनं भरल्या गेल्या. लोकांना न विचारता भरलेली नोंदवही म्हणजे नुसता कागद. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा पंचायतीत जाऊन ती मागा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्याला, वैदूला ती वाचून दाखवा. जे चुकलं, जे राहिलं, ते लिहून काढा आणि पुढच्या ग्रामसभेत मांडा.