राउंड फिगर

(लोअर परळच्या एका चाळीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



मला कविता म्हणायला बोलावलंय. कविता नंतर. आधी हिशोब. मी गोदीत माल उचलतो, मॅट्रिक झालोय. म्हंजे गुणाकार-भागाकार येतो, आज तेवढा पुरे.

३० जून २०११. त्या दिवसापासून या देशात चार आण्याचं नाणं आणि त्याखालची सगळी नाणी मोडीत निघाली. बँकांनी २९ जूनपर्यंत बदलून दिली, पुढं नाही. सरकारनं सांगितलं, आता सगळ्यात लहान नाणं पन्नास पैशांचं. वस्तूंचे भाव, कर, हिशोबाच्या वह्या, सगळं पन्नास पैशांवर नाहीतर पुऱ्या रुपयावर आणा.

मी तेव्हा बारा वर्षांचा. आजीच्या डालड्याच्या डब्यात १७५ पावल्या होत्या. ४३ रुपये ७५ पैसे. आमच्या घरात बातमी पोचली जुलैत. आजी बँकेच्या खिडकीवरून डबा तसाच घेऊन परत आली. शेवटी भंगारवाला. स्टीलची पावली २.८३ ग्रॅमची, सगळ्या मिळून अर्ध्या किलोला पाच ग्रॅम कमी. तो म्हणाला, ‘जाऊ दे मावशी, अर्धा किलो धरतो.’ आमच्या खानदानात राउंड फिगर आमच्या बाजूनं झाली ती तेवढी एकदाच.

नाणं बंद करायला कारण असतं, ते नाकारत नाही. धातू महाग, नाणं स्वस्त. अमेरिकेला एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च यायचा. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्यांनी चलनातला शेवटचा सेंट पाडला. कॅनडानं तर ४ फेब्रुवारी २०१३ पासूनच सेंट वाटणं थांबवलं. तिथं नियम असा: रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटांवर न्यायचं. एक-दोन वर असले तर सोडायचे, तीन-चार असले तर पाच घ्यायचे. कार्डानं दिलं तर पुरता हिशोब. कधी दुकानदार खातो, कधी गिऱ्हाईक. शेवटी फिटंफाट, असं शिकलेले लोक म्हणतात.

फिटंफाट कुणाची? इथं जरा थांबा.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे आणे जाऊन नवे पैसे आले. रुपयाचे आणे सोळा, पैसे शंभर. म्हंजे आण्याचे सव्वासहा पैसे. पण पाव पैसा आणायचा कुठून? तक्ता निघाला: एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. आता बघा. ज्यानं चार आणे एकदम मोडले त्याला २५ मिळाले. ज्यानं एकेक आणा चार वेळा मोडला त्याला २४. सोळा वेळा मोडणाऱ्याचे रुपयामागं चार पैसे गेले. कुणी चोरी केली नाही. तक्ता सरकारी, बेरीज बरोबर. फक्त माणूस तुकड्या-तुकड्यानं जगणारा होता.

राउंड फिगर व्यवहारागणिक कापते. महिन्याचं रेशन एकदम भरणाऱ्याला एक फटका. रोज संध्याकाळी पावशेर तेल आणि पुडीतली डाळ आणणाऱ्या बाईला तीस.

आणि आठ आणे? कायद्यानं आजही जिवंत आहेत. बाहेर जाऊन पानवाल्याला देऊन बघा. तो तुमच्या तोंडाकडं बघेल. सरकारनं मारलं नाही ते गल्ल्यानं मारलं. सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातात येतं, आणि त्याच दुकानात तेच चॉकलेट परत दिलं तर पैसे म्हणून चालत नाही, च्यायला!

तुम्ही म्हणाल, आता फोन आहे. आहे ना. चहावाल्याकडंही क्यूआर आहे. इथं गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला, तिथं पैशासकट बिल कापलं जातं. पण माझी मजुरी अजून रोख येते.

पैशाचं गणित आपलं नव्हे, असं समजू नका. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले. त्याच माणसाचा रुपयावरचा अख्खा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला. किमती आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, मधलं मजुराच्या खिशातून जातं, हे त्यांनी तेव्हा मांडलं.

तर माझी मजुरी. टनाला दर, उचलणारी टोळी चौदांची. भागाकार कधी पुरा सुटत नाही. माझ्या वाट्याला ७३८ रुपये ४० पैसे आले तर मुकादम ७३० देतो. ६४६ आले तर ६४०. ‘सुट्टे नायत रे.’ जीएसटीच्या कायद्यात, कलम १७० मध्ये, पन्नास पैसे आणि वर असले की पुढचा रुपया, कमी असले की सोडून द्यायचे. सरकार पैसे सोडतं. आमचा मुकादम रुपये सोडतो, आणि नेहमी खालीच.

मी कवितेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेलो. एक महिना, २४ पाळ्या. १३७ रुपये. चौदांनी गुणा, १,९१८. एका टोळीचे, एका महिन्याचे.

वही दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यानं १३७ रुपये आणले, सगळी एकेकाची नाणी. हातात नाही दिली. वरून सोडली. काही ओंजळीत, काही फळीवर, एक घरंगळत पाण्यात.

आजी सांगायची, गावात वाण्याच्या उंबऱ्यावर पैसा ठेवून मागं सरायचं. तो पाणी शिंपडून उचलायचा आणि उरलेले पैसे वरून टाकायचा. नाण्याला विटाळ नव्हता, बोटाला होता.

मी खाली बसून मोजले. उठून सांगितलं, ‘१३६ आहेत. एक येणं आहे.’

टोळी हसली. तो हसला नाही. बाकी तेरांचे अजून दिलेले नाहीत, आणि मला त्या आठवड्यात दोनच पाळ्या मिळाल्या. तरी आता टोळीतले पाच जण रोजचा आकडा लिहितात.

तुमच्यातले कुणी कुरियरवर आहेत, कुणी साफसफाईच्या ठेक्यावर. दाराशी वही ठेवलीय. तारीख, बसणारी रक्कम, मिळालेली रक्कम, एवढंच लिहा. नाव नको. पेन एकच आहे, ते परत ठेवा.