गाडीतला जुना सेट आणि खिशातली गाणी



गाडी दहा-बारा वर्षांची. इंजिन ठणठणीत, एसी थंडगार, डॅशबोर्डातला सेटही चालू. पण गाणी सगळी खिशात. म्हणजे फोनमध्ये, नाहीतर एखाद्या छोट्या एमपीथ्री प्लेअरमध्ये. ती या सेटवर ऐकायची कशी, असं अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "साहेब, सेटच बदला. टचस्क्रीन बसवून देतो." दुकानदाराचा तो धंदा आहे, त्याला दोष कशाला द्या. पण पाकीट काढण्याआधी आपल्या सेटमध्ये आवाज आत शिरायला कुठली वाट आहे, एवढं पाहून घ्यावं. वाट बहुतेक वेळा असतेच. काही वाटांवर मात्र आवाजाला पुष्कळ रूपं बदलावी लागतात, आणि प्रत्येक बदलात थोडं थोडं सांडतं.

सगळ्यात जुन्या वाटेपासून सुरुवात करू. कॅसेट फिलिप्सनं १९६३ साली आणली. सोनीचा वॉकमन १९७९ चा, आणि त्याच कंपनीचा हातात मावणारा सीडी प्लेअर १९८४ चा. तेव्हा पंचाईत अशी झाली, की हातात सीडी आणि गाडीत मात्र कॅसेटचा टेप. त्यावर निघालेली युक्ती म्हणजे कॅसेट अडॅप्टर. दिसायला साधी कॅसेट, फक्त तिच्या कडेतून एक वायर बाहेर आलेली आणि वायरच्या टोकाला पिन. पिन प्लेअरमध्ये घालायची, कॅसेट टेपमध्ये सरकवायची, की गाणं सुरू.

ही वस्तू एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. आत फीत नसतेच. जिथं फीत टेपच्या हेडला घासत जायची, नेमक्या तिथं एक छोटंसं दुसरं हेड बसवलेलं असतं. प्लेअरमधून आलेला विद्युतप्रवाह त्या हेडमध्ये कमी-जास्त होणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि समोरच्या टेपच्या हेडला वाटतं, फीतच पळतेय. दोन हेडं समोरासमोर टेकून उभी, मधे काही नाही. गंमत पुढेच आहे. टेपची चाकं फिरायची थांबली, की टेप समजतो कॅसेट संपली. मग तो बाजू उलटतो किंवा कॅसेट बाहेर फेकतो. त्याला गुंगवण्यासाठी या अडॅप्टरमध्ये प्लॅस्टिकची दातेरी चाकं असतात, रिकामीच फिरणारी. स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये ही चाकं इतकी कटकट करतात, की विलंबित ख्याल लावला तर ठेका त्यांचाच ऐकू येतो. आवाज दबका वाटला, किंवा एकाच बाजूनं आला, तर कॅसेट बाहेर काढून टेपचं हेड कापसावर स्पिरिट घेऊन पुसायचं. वर्षानुवर्षांची फितीची तांबूस भुकटी तिथं बसलेली असते. टेपला डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवायचं. एवढं केलं तर ही जुनी युक्ती अजूनही अपेक्षेपेक्षा बरी वाजते. माझं तर मत असं, की पुढे ज्या एफएम ट्रान्समीटरबद्दल बोलणार आहे, त्याच्यापेक्षा ही शंभर पट बरी.

आता तो एफएम ट्रान्समीटर. रेडिओवर बसून रेडिओत घुसखोरी कशी करायची ते सांगतोय, संचालकांनी माफ करावं. सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची ही डबी म्हणजे एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच. प्लेअरमधलं गाणं ती एफएमच्या लहरींवर चढवते, आणि तुमचा सेट ते मोठ्या केंद्राचं गाणं पकडावं तसंच पकडतो. सेटमध्ये रेडिओ असला की पुरे, बाकी कशाची गरज नाही. म्हणून ती इतकी खपते. तिची ताकद मुद्दामच नगण्य ठेवलेली असते, शेजारच्या गाडीपर्यंत गाणं जाऊ नये म्हणून. तरीही ब्रिटनमध्ये २००६ च्या डिसेंबरपर्यंत ती वापरणं बेकायदा होतं. त्यानंतर परवानगी मिळाली, पण शक्तीची मर्यादा घातली ५० नॅनोवॅट.

ही नगण्य ताकदच तिची अडचण. एफएमचा स्वभाव असा, की एकाच जागी दोन केंद्रं आली तर जोरदार असेल ते दुसऱ्याचं तोंड बंद करतं. मीडियम वेव्हवर निदान दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून येतात. इथं जिंकणारा सगळंच घेऊन जातो. म्हणून ट्रान्समीटर अशा आकड्यावर लावावा लागतो, जिथं कुठलंच केंद्र नाही. नुसतं त्या आकड्यावर नव्हे, अगदी शेजारीसुद्धा नको. मुंबईसारख्या शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये अशी ऐसपैस जागा शोधणं म्हणजे संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये खिडकीशी जागा शोधणं. समजा, दादरला सापडली. मग तुम्ही द्रुतगती मार्गानं पुण्याकडे निघालात. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात जातात, डोंगर त्यांना अडवतो. खंडाळ्याचा घाट चढलात की मुंबईची केंद्रं मागं पडतात, आणि लोणावळ्याच्या पुढे पुण्याची पुढं येतात. दादरला मोकळी असलेली जागा तळेगावला मोकळी असेलच असं नाही. ऐन तानेत खरखर सुरू होते, आणि तानेच्या जागी टूथपेस्टची जाहिरात. वाटेतल्या बोगद्यांत मात्र उलटं होतं. बाहेरची सगळी केंद्रं मुकी होतात आणि तुमची डबी निर्वेध गाते, कारण तिचं केंद्र गाडीतच असतं. गाडीची एरियल कुठं आहे, यावरही पुष्कळ अवलंबून. एरियल टपावर मागच्या बाजूला असेल, तर मधे सगळा पत्रा येतो आणि बिचारी लहर तिथंवर पोचेपर्यंत थकते.

आता माझ्या आवडीची वाट, तारेची. सेटच्या तोंडावर एक बारीक गोल भोक आणि त्याखाली इंग्रजीत 'ऑक्स' लिहिलेलं असेल, तर तुमचं काम शंभर-दीडशे रुपयांच्या वायरवर भागतं. साडेतीन मिलिमीटरची ही पिन म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर ज्या जाड पिना खुपसत, त्यांचीच धाकटी पाती. टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा, मुळाशी अर्थ, म्हणजे अर्थिंग. गाणं प्लेअरमधून विजेच्या रूपात निघतं आणि त्याच रूपात सेटमध्ये पोचतं. तोंडावर भोक नसेल तरी निराश होऊ नका. काही सेटच्या मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या गोल पिनांची जोडी असते. सेट जागेवरून ओढून काढल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. दुकानदाराला आधी सेट काढून मागं पाहायला सांगा.

तार लावूनही पुष्कळ लोक तक्रार करतात, की आवाज बारीक येतो किंवा फाटतो. त्याचं कारण, आवाज आता दोन ठिकाणी कमी-जास्त होतो. प्लेअरचा आवाज अगदी कमी आणि सेटचा पूर्ण वर, असं ठेवलंत तर गाण्याबरोबर सुस्काराही मोठा होतो. आणि मधेच कुणी रेडिओ लावला तर गाडीतले सगळे दचकतात. उलट प्लेअर पूर्ण वर नेलात तर काही प्लेअरचा आवाज चिरकतो. प्लेअर पाऊणपट ठेवावा, आणि पुढचं सगळं सेटच्या बटणानं करावं.

दुसरी तक्रार जास्त चमत्कारिक. गाण्यामागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तोही वर चढतो. लोक स्पीकर बदलतात, वायर बदलतात, तो काही जात नाही. आता एवढंच करून पाहा : प्लेअरचं चार्जर लायटरच्या सॉकेटमधून उपटा. शिट्टी बंद झाली? मग दोष कुणाचाच नाही. मोटारीत पत्रा हाच बॅटरीच्या ऋण टोकाचा रस्ता असतो. चार्ज होणारा प्लेअर त्या पत्र्याला दोन ठिकाणी जोडला जातो, एकदा चार्जरमधून आणि एकदा गाण्याच्या वायरमधून सेटच्या अर्थला. या दोन ठिकाणांमध्ये अल्टरनेटरच्या विजेमुळे किंचित फरक पडत राहतो, आणि तो फरकच गाण्यात शिरतो. इंजिन जोरात फिरलं की शिट्टी चढते, ती म्हणूनच. उपाय दोन : ऐकताना चार्ज करू नका, किंवा वायरच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी घाला. तिच्यात दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे गाणं पलीकडे जातं पण अर्थची जोड तुटते. स्वस्त डबीत डग्ग्याची घुमक थोडी कमी होते, हे मात्र धरून चाला.

यूएसबीचं थोडक्यात. सेट पेनड्राइव्ह वाचत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे का ते पाहा. प्लेअर जोडूनही सेटला दिसत नसेल तर केबल बदला. यूएसबीच्या साध्या केबलीत दोन तारा विजेच्या आणि दोन माहितीच्या असतात; नुसत्या चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या केबलीत माहितीच्या ताराच घातलेल्या नसतात.

ब्लूटूथबद्दल फार बोलत नाही, ते ज्याचं त्याला जमतं. सोय मोठी आहे, पण गाणं जाताना दाबून लहान केलं जातं आणि पलीकडे पुन्हा फुलवलं जातं. शिवाय सेट ज्या फोनला आधी ओळखतो त्याला धरतो. पार्किंग खिडकीखालीच असलं की तुम्ही गाडी सुरू करता आणि पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरात ठेवलेला सौभाग्यवतींचा फोन सेटवर बोलू लागतो.

आता तारेच्या बाजूच्या लोकांची खरी अडचण. पुष्कळ नव्या फोनांना ते गोल भोकच राहिलेलं नाही. अ‍ॅपलनं ते २०१६ मध्ये काढलं, पाठोपाठ बाकी पुष्कळांनीही. मग टाइप-सीचं अडॅप्टर घ्यावं लागतं, आणि इथं बारकाईनं पाहायला हवं. काही अडॅप्टरमध्ये डिजिटल गाण्याचा आवाज करणारी चिप असते. काही नुसती तार असतात, त्यांना तो आवाज फोनकडून तयार मिळावा लागतो. तुमचा फोन तसा देत नसेल तर दुसऱ्या जातीचं अडॅप्टर लावून काहीच ऐकू येणार नाही, आणि बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. तेव्हा दुकानातच आपला फोन लावून एखादं गाणं वाजवून पाहा, मगच पैसे द्या.