उर्दूची दुसरी पायरी



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत. पण हळदीकुंकवालाही मला कोणी ना कोणी विचारते, "काय हो, उर्दू कुठवर आले?" म्हणून चिटणीसबाईंनी आज मला उभे केले आहे.

या वयात उर्दू कशाला, ते आधी सांगते. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरी आणि कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. माझे आजेसासरे घरात मराठी बोलत, पण कागदावर सही उर्दूत करीत. ती पिढी गेली आणि पत्र्याच्या पेटीतले कागद मुके झाले. वारसाचे, विहिरीचे, बांधाचे सारे त्यांत आहे. वाचणारे मात्र घरात कोणी नाही.

शेजारच्या आपा निवृत्त शिक्षिका आहेत. दुपारी भांडी आवरली की मी वही घेऊन त्यांच्याकडे जाते. तीन महिन्यांत मुलांचे पहिले पुस्तक संपले, तेव्हा मला वाटले, आले उर्दू! खरी परीक्षा पुढेच होती. पहिल्या पुस्तकात अक्षरांवर जबर, जेर, पेश अशा खुणा असतात, त्यांवरून अ, इ, उ कळतात. पुढे त्या खुणा देत नाहीत. मग 'इस' आणि 'उस' एकसारखेच दिसतात. हे शेत की ते शेत, ते मागचापुढचा मजकूर पाहून ठरवायचे! आपा म्हणतात, "पुढे वाचत चला, मागचे कळेल." आणि बहुतेक वेळा कळते.

तसाच 'ज'. जमीन, जिल्हा, जाहीर आणि जरा, हे शब्द आपण रोज बोलतो. उर्दूत या चारींचा पहिला उच्चार एकच, पण अक्षरे चार निरनिराळी! याला घोकण्यावाचून उपाय नाही. मी भाकरी थापताना घोकते. घरातली मंडळी हसतात, हसू द्या.

आपल्याला मोठा आधार मराठीचाच आहे. कायदा, मालक, वारस, खरेदी, तारीख. अक्षरे जुळली की गर्दीत माहेरचे माणूस दिसावे तसा शब्द सापडतो. पण अशा ओळखीच्या शब्दापाशीच जास्त जपावे लागते.

आमच्या पेटीत 'राजीनामा' असा मथळा असलेला एक कागद होता. आजेसासऱ्यांनी विहिरीवरचा हक्क सोडून दिला, असे त्या मथळ्यावरून घरात दोन पिढ्या सांगत आले. चुलतघराशी त्यापायी जाणे-येणेही बेताचेच. अक्षर सुवाच्य होते, म्हणून गेल्या श्रावणात आपा आणि मी तो ओळीओळीने वाचला. चार दुपारी लागल्या. उर्दूत राजीनामा म्हणजे दोघांनी राजी होऊन केलेली तडजोड! हक्क सोडल्याचे त्यात कुठेच नाही. दोन्ही घरांनी पाळीपाळीने पाणी घ्यावे, एवढेच लिहिले आहे. सासूबाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि संध्याकाळी चुलतजावेकडे निरोप धाडला.

त्यावर साल १३४७ होते. ते फसली साल. त्यात ५९० मिळवले की इसवी १९३७ येते. फसली साल आपल्या ऑक्टोबरात बदले, म्हणून महिना पुढचा असेल तर १९३८ धरायचे. अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचायची, पण आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून, हेही ध्यानात ठेवा.

हाताने भराभर लिहिलेले जे वळण, त्याला शिकस्ता म्हणतात, म्हणजे मोडके. त्यात नुक्ते गाळतात आणि जोडू नयेत ती अक्षरेही जोडतात. आमच्या पेटीत अजून अकरा कागद आहेत आणि त्यांतले चार शिकस्त्यातले. त्यांच्यापुढे आपांनीही चष्मा काढून ठेवला. उरलेले सात दिवाळीपर्यंत वाचून व्हावेत, असा आमचा दोघींचा बेत आहे.