हिशेब आणि कृपा

आपल्या श्रद्धेविषयी चारचौघांत बोलणे हे अवघड काम आहे. धर्मोपदेशकाला ते साधते, कारण तो त्याचा नित्याचा व्यवसाय. तत्त्वज्ञाला साधते, कारण त्याच्यापाशी शब्द असतात. मी या दोहोंपैकी कोणीच नव्हे. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षे मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी केली. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्राध्यापक येतात, ग्रंथालय येते, पदवीदान समारंभातले झगे येतात. परंतु त्या झग्यांच्या मागे, फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या आड, दिवसभर आकडे मांडणारी माणसे बसलेली असतात. मी त्यांतला एक. तेव्हा माझ्या श्रद्धेची कथा ही बरीचशी एका आकड्याची कथा आहे.

माझा जन्म अहमदनगरचा. त्या शहराला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तेथे आपले ठाणे केले, आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे याच गावात गेली. आमच्या घरी सांजवेळी कंदील लागला की प्रार्थना होई. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. ते पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचत. आजीला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांची भजने तिला तोंडपाठ होती. लहानपणी त्यांचे कीर्तन ऐकल्याचे ती अभिमानाने सांगे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ ओवीत प्रसिद्ध केले, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठीत उतरविले, हे मी फार पुढे वाचले. परंतु ख्रिस्त आणि मराठी यांची गाठ कोणी जाणूनबुजून घालावी लागते, असे मला कधी वाटलेच नाही. ती माझ्या आजीच्या जात्यापाशीच पडलेली होती.

शाळेत असताना एकदा एक मुलगा मला म्हणाला, “तुमचे लोक दुष्काळात भाकरीसाठी बाटले.” मी रडत घरी आलो. आजी चुलीपुढे बसली होती. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आलो असू बाबा भाकरीसाठी. पण दुष्काळ सरल्यावर राहिलो कशासाठी, ते विचार त्याला.” मला ते विचारण्याचे धैर्य झाले नाही. तथापि तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. आजी कशासाठी राहिली हे तिला ठाऊक होते. मी कशासाठी राहिलो होतो? केवळ त्या घरात जन्मलो म्हणून? वारसा म्हणजे श्रद्धा नव्हे, एवढे मला तरुणपणीच कळून चुकले होते.

परीक्षा विभागात मी रुजू झालो, तेव्हा सर्व काम हाताने चाले. परीक्षकांकडून गुणांच्या याद्या येत. एकाने बैठक क्रमांक आणि गुण मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्याने ते भल्या मोठ्या नोंदवहीत लिहावयाचे, तिसऱ्याने पडताळावयाचे आणि बेरीज करावयाची. मे महिन्याच्या उकाड्यात, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवून, आम्ही दिवसाला शेकडो माणसांची नशिबे लिहीत असू. मला ते काम आवडे. त्यात कोणाची गय नव्हती आणि कोणावर अन्यायही नव्हता. ज्याचे जेवढे, त्याला तेवढे. न्यायाची माझी कल्पना हीच होती.

आणि म्हणूनच शुभवर्तमानातला एक दाखला मला नेहमी खटकत असे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे काही मजूर कामावर लावतो, काही दुपारी, आणि काही तर दिवस मावळावयास घटका-दोन घटका उरल्या असताना. संध्याकाळी मात्र तो सर्वांना सारखीच मजुरी देतो. मी वडिलांशी यावर वाद घालीत असे. म्हणे, “आमच्या विभागात असे कोणी केले तर चौकशी होईल.” वडील हसत. ते म्हणत, “तू स्वतःला पहाटेच्या मजुरांत धरतोस, म्हणून तुला असे वाटते.” आमच्या कचेरीतही नियमाने सवलतीचे गुण देत, आणि त्यांना आम्ही ‘ग्रेस’ म्हणत असू. देवाच्या कृपेलाही इंग्रजीत तोच शब्द आहे, ही गंमत मी मित्रांना सांगत असे. पण आमच्या ‘ग्रेस’ला मर्यादा होती. अमुक इतक्या गुणांपलीकडे ती जात नसे. देवाचीही तशीच असावी, असे मी मनोमन धरून चाललो होतो.

आता त्या आकड्याकडे येतो. १९८४ सालची गोष्ट. उन्हाळ्यातल्या परीक्षेचे निकाल जूनमध्ये लागले. नोव्हेंबरमध्ये एका विद्यार्थ्याच्या अर्जावरून मी एका परीक्षकाची मूळ यादी काढली. हवा तो क्रमांक पाहिला, आणि सहज नजर खालच्या ओळीवर गेली. तेथे ६३ गुण होते. नोंदवहीत मात्र त्या क्रमांकापुढे ३६ लिहिलेले होते. उत्तीर्ण होण्यास ४० लागत. दुसऱ्या एका विषयात त्या मुलाला सवलतीचे गुण आधीच मिळालेले असल्यामुळे येथे ते मिळणे शक्य नव्हते. तो नापास झाला होता.

अक्षर माझे होते. चूक कशी झाली असेल, हेही मला तत्काळ दिसले. आपल्या मराठीत आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो; आधी तीन, मग साठ. वाचणाऱ्याच्या तोंडून ‘त्रे’ निघाले, माझ्या दमलेल्या हाताने आधी ३ लिहिला आणि ‘सष्ट’ ऐकून पुढे ६ मांडला. पडताळणाराची नजरही त्या दिवशी चुकली असावी. पण लिहिणारा मीच. दोन माणसांचे पटेनासे झाले की आपण त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. त्रेसष्टमध्ये तेच दोन अंक समोरासमोर असतात. मी एका अनोळखी मुलाचा आकडा असा पाठमोरा करून ठेवला होता.

मुलाने फेरतपासणीचा अर्ज केलेला नव्हता. कोणाची तक्रार नव्हती. ठराविक मुदतीनंतर त्या मूळ याद्या नष्ट करण्याचा नियम होता, आणि ती मुदत संपावयास फार दिवस उरले नव्हते. मला काहीच वाईट करावयाचे नव्हते. केवळ गप्प बसावयाचे होते. श्रोतेहो, मोह हा नेहमी काही करावयास सांगतो, अशी माझी समजूत होती. तो काही न करावयासही सांगतो, हे मला त्या आठवड्यात समजले. मी यादी गठ्ठ्यात परत ठेवली आणि घरी गेलो. पत्नी गरोदर होती. वरच्या जागेसाठी माझे नाव पुढे आले होते. असे अकरा दिवस गेले.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन होते. मी मंडळीचा पंच होतो. भाकरीचे ताट लोकांपुढे नेण्याचे काम माझ्याकडे होते. पर्वतावरील प्रवचनात प्रभूने एक साधी गोष्ट सांगितली आहे. वेदीपाशी आपले दान आणले असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवावे, आधी त्याच्याशी समेट करावा, आणि मग येऊन ते अर्पावे. हे वचन मी कितीदा वाचले होते, दुसऱ्यांना समजावूनही दिले होते. त्या सकाळी ताट हाती घेताना ते मला आठवले. माझ्या भावाला तर माझे नावही ठाऊक नव्हते. मी ताट शेजारच्या पंचाच्या हाती दिले आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.

सोमवारी मी साहेबांपुढे यादी आणि नोंदवही उघडून ठेवली. पुढे जे व्हावयाचे ते नियमाप्रमाणे झाले. चौकशी झाली, ठपका आला, एक वेतनवाढ रोखली गेली, वरची जागा दुसऱ्यास मिळाली. याबद्दल माझी तक्रार नाही. ते योग्यच होते. दुरुस्त गुणपत्रिका टपालाने रवाना झाली. साहेब म्हणाले, “आता प्रकरण मिटले.” पण माझ्या दृष्टीने ते मिटले नव्हते. नाताळच्या सुट्टीत मी एस. टी. पकडून त्या मुलाच्या गावी गेलो.

घर शेतकऱ्याचे होते. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी कोण आणि कशासाठी आलो, हे सांगितले. आई आतून ऐकत होती. ती दाराशी आली आणि म्हणाली, “सहा महिने माझं पोर मान वर करून कोणाशी बोललं नाही. ते तुम्ही कसं भरून देणार?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती आत निघून गेली, आणि मी असेतोवर पुन्हा बाहेर आली नाही. मुलगा जवळच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला होता. तो दुपारी आला. टपालाने आलेली गुणपत्रिका त्याने खिशात घडी करून ठेवली होती. ती उलगडून तो तिच्याकडे पाहत राहिला आणि एवढेच म्हणाला, “म्हणजे मी नापास नव्हतो.”

त्याने मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याचा मला अधिकार नव्हता. मी निघावयास उठलो, तेव्हा त्याच्या वडिलांनी हात धरून मला खाली बसविले. म्हणाले, “पाव्हणं, भर दुपारी उपाशी कुठं निघालात? चार घास खाऊन जा.” त्यांनी स्वतः आत जाऊन भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा आणला. मी मान खाली घालून जेवलो. आदल्या महिन्यात जे ताट माझ्या हाताला पेलले नव्हते, ते जणू तेथे माझ्यापुढे आले. ते गृहस्थ विठ्ठलाचे भक्त होते, मी ख्रिस्ताचा. त्यांनी माझा धर्म विचारला नाही, मीही सांगितला नाही. सर्व वाटा एकच, असा सिद्धान्त मी यातून काढीत नाही. तो अधिकार माझ्यापाशी नाही. मी एवढेच सांगतो की, माझ्या प्रभूच्या दाखल्याचा अर्थ मला एका माळकऱ्याच्या ओसरीवर कळला. मी पहाटेचा मजूर नव्हतोच. दिवस मावळताना आलो होतो, आणि तरीही माझ्या पदरात पूर्ण मजुरी पडली होती.

आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तरही मला मिळाले. भाकरी कमावल्यावर माणूस तृप्त होऊन निघून जातो. न कमावता मिळालेली भाकरी मात्र त्याला बांधून ठेवते. आजी राहिली ती त्यासाठी; मीही त्यासाठीच राहिलो आहे.

यावरून कोणी असे समजू नये की, कृपेपुढे हिशेब व्यर्थ आहे. आमच्या विभागात चुकीचा आकडा खोडरबराने पुसण्यास सक्त मनाई होती. तो वाचता येईल असा ठेवून त्यावर एक रेघ मारावयाची, शेजारी खरा आकडा लिहावयाचा, आणि खाली सही व तारीख घालावयाची. क्षमेची रीतही मला तशीच दिसते. ती झालेले नाहीसे करीत नाही. त्या मुलाचे सहा महिने कोणी परत आणले नाहीत, आणि त्याच्या आईचा शब्द आजही माझ्या मनात आहे. तो तेथे असावा, हेच बरे. परंतु खोडलेल्या आकड्याशेजारी खरा आकडा लिहिता येतो, आणि त्याखाली आपली सही करता येते. श्रद्धेने मला एवढे बळ दिले.

त्या मुलाने मला कधी पत्र लिहिले नाही. १९८८ साली पदवीच्या निकालाचे काम चालू असताना बहिःस्थ विद्यार्थ्यांत त्याचे नाव आले. त्याच्या ओळीतला प्रत्येक आकडा मी तीनदा पडताळला. तो उत्तीर्ण झाला होता, आणि या वेळी कोणत्याही विषयात सवलतीचा एकही गुण न घेता.

आता त्या नोंदवह्या गेल्या. आकडे संगणक मांडतो. मी सांजवेळी प्रार्थनेला बसतो, तेव्हा पूर्वीप्रमाणे दिवसाचा हिशेब देवापुढे ठेवतो. फरक एवढाच, की बेरीज करण्याचे काम आता त्याच्यावर सोपवितो.