पायाचा जुना व्रण व औषधाविना उपचार
(श्रीसंत सेनामहाराज पुण्यतिथीनिमित्त भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या पुण्यदिनी व्रणासारखा अप्रिय विषय निवडल्याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. परंतु हा विषय आपल्या दुकानांतलाच आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीपाशी उभे राहून ज्यांनी कुटुंबे पोसली, अशा कित्येकांच्या पायांवरील शिरा फुगलेल्या व घोट्याजवळची कातडी काळवंडलेली मी पाहिली आहे. माझ्या थोरल्या काकांच्या घोट्यावर अकरा वर्षे जखम वाहत होती. हळद, राख, मलमे, गोळ्या, इंजेक्शने, सर्व काही झाले. गिऱ्हाइकाला वास येऊ नये म्हणून ते पायाला फडके गुंडाळीत. अखेर लाजेने त्यांनी दुकानात येणेच सोडले. पुढे वैद्यक शिकताना मला कळले, की आम्ही इतकी वर्षे केवळ जखमेकडे पाहत होतो. विकार शिरांत होता.

पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे चढवावयाचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि ते पुन्हा खाली उतरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. निश्चल उभे असता घोट्याजवळील शिरांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या म्हणजे चालूनही तो पुरेसा उतरत नाही. पाय सुजतो, कातडीचे पोषण बिघडते आणि लहानशा खरचटण्याचाही व्रण होऊन बसतो.

यावर मुख्य उपचार म्हणजे दाबाची पट्टी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी अधिक व वर क्रमाने कमी दाब पडेल अशी ती बांधतात. घोट्याशी हा दाब सुमारे ४० मिलिमीटर असावा लागतो. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्ताच्या लेपाची पट्टी याच कामी प्रचारात आणली. आपल्या सुश्रुतसंहितेतही व्रणाच्या साठ उपक्रमांत ‘बंध’ गणला आहे. पट्टी बांधून चालावे, आणि विश्रांतीच्या वेळी पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावेत.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पायाला शुद्ध रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच अरुंद झाल्या असतील, तर घट्ट पट्टीने पाय गमावण्याची वेळ येईल. म्हणून घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहिल्यावाचून पट्टी बांधू नये. मधुमेही व तंबाखू ओढणारे यांनी तर विशेष जपावे.

सदोष शीर आतून बंद करण्याची क्रियाही आता सुलभ झाली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या चाचणीत सर्वांना दाबाचा उपचार होताच; परंतु ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांचा व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले, ज्यांची क्रिया लांबणीवर टाकली त्यांना ८२ दिवस. व्रण भरल्यावरही दाबाचा मोजा नित्य वापरावा, अन्यथा तो पुन्हा उघडतो.

तरुण बंधूंना माझी विनंती, की दोन गिऱ्हाइकांमध्ये टाचा दहा-वीस वेळा उचलाव्यात, चार पावले चालावे, दुकानात एक स्टूल ठेवावे. भगिनींनी घरातील वडिलांचे पाय एकदा उजेडात पाहावेत. ते आपण होऊन दाखविणार नाहीत.

खेड्यांत गळू फोडणे, जखम बांधणे ही कामे एके काळी आपल्या वाडवडिलांच्या हातची होती. दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या त्या हातांच्या वारसांनी आपली जखम लपवून ठेवू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.